बेवारस कुत्र्याचा वारस

ज्याचे आयुष्य ऊसतोड कामगारांच्या सभा-मोर्चांत गेले अशा माणसाला व्याख्यानमालेचे चालक बोलावतात, तेव्हा तो मुकादम, उचल आणि तोडणीचा दर ह्यांवरच बोलणार अशी सर्वांची खात्री असते. मीही तेच बोलणार होतो. परंतु चालकांनी विषय विचारला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, की ह्या खेपेस कुत्र्यांवर बोलतो. समोरचे गृहस्थ क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे भांडवलदारांवर का?" मी म्हटले, "नाही हो. खऱ्या कुत्र्यांवर. चार पायांच्या."

हसण्याचा भाग सोडून देऊ. बेवारस जनावर घरी आणणे, त्याला भाकरतुकडा घालणे, त्याला आपले म्हणणे, ह्या गोष्टी आपल्याला फार सोप्या वाटतात. त्या सोप्या नाहीत हे मला फार उशिरा कळले, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच्या लेकराला मोजावी लागण्याची वेळ आली होती. ती हकीकत मी सांगणार आहे. परंतु आधी थोडा इतिहास पाहू. कारण हा प्रश्न आपल्या पाटोद्याच्या स्टँडवर काल-परवा उपजलेला नाही.

माझ्यासारख्या माणसाचे लक्ष इतिहासात आधी कोठे जाते? जेथे हरताळ झाला असेल तेथे. मुंबईत १८३२ सालच्या जून महिन्यात एक हरताळ झाला, आणि तो कुत्र्यांसाठी झाला. ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला ती कुणीतरी रचलेली थट्टा वाटली होती.

झाले ते असे. मुंबई त्या काळी कंपनी सरकारच्या ताब्यात होती. गावात मोकाट कुत्री फार, आणि पिसाळलेल्या कुत्र्याची भीती मोठी. म्हणून १८१३ सालापासून असा नियम होता, की वर्षातल्या ठरावीक उष्ण महिन्यांत बेवारस कुत्री मारावीत. १८३२ साली ही मुदत वाढवून १५ जूनपर्यंत नेली. मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम. आता आपण विचार करा, त्या काळचे आठ आणे म्हणजे गरीब माणसाच्या घरात काही दिवसांचे धान्य. जेथे नगावर मजुरी मिळते तेथे नग वाढतातच. उसाच्या फडात असो की पोलिसाच्या हातात. पोलीस शिपाई रस्त्यावरची कुत्री मारता मारता लोकांच्या ओसरीवरची आणि दाराआतलीही ओढून नेऊ लागले. कुत्रे बेवारस आहे की कुणाचे, हे ठरवणार कोण? ज्याला आठ आणे मिळावयाचे तोच!

पारशी समाजात कुत्र्याला धर्मातच स्थान आहे. माणूस वारला म्हणजे त्याच्या देहाजवळ कुत्रे आणून त्याची दृष्टी पाडण्याचा विधी त्यांच्यात आहे. त्याला सगदीद म्हणतात. ६ जून रोजी, त्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटातल्या वस्तीत दोन गोरे शिपाई कुत्री मारताना दिसले आणि जमावाने त्यांना चोपले. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, कोटातली दुकाने उघडली नाहीत. बाजार बंद. त्यात एकटे पारशी नव्हते. जैन आणि हिंदू व्यापारीही होते, मुसलमानांतील काही मंडळीही होती. कुलाब्याच्या छावणीतल्या सैनिकांकडे जाणारा शिधा अडवला गेला. गोऱ्या साहेबाला एक दिवस सकाळचा पाव मिळाला नाही, तेव्हा कुत्रे ही साधी गोष्ट नाही असे त्याच्या ध्यानात आले! सरकारने सैन्य आणले, धरपकड केली, खटले भरले. पण मारण्याचे ते सत्र मात्र तसेच पुढे चालवता आले नाही. सर्व समाजांतल्या प्रतिष्ठित मंडळींनी अर्ज-विनंत्या केल्या आणि कुत्री ठार मारण्याऐवजी पकडून गावाबाहेर न्यावीत अशा तोडग्यावर गोष्ट आली.

ह्या हरताळाकडे मी माझ्या धंद्याच्या दृष्टीने पुष्कळदा पाहिले आहे. मागणी काय होती? मारू नका. मागणी मान्य झाली. आणि मग? मारावयाचे नाही, तर ठेवावयाचे कोठे, खाऊ घालावयाचे कुणी? आमच्या चळवळीतही हेच होते. "बंद करा" ही घोषणा देणे सोपे असते. बंद केल्यावर जे उघडावयाचे त्याची वही घालणारा माणूस मिळत नाही.

मुंबईकरांच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की त्यांनी ती वही घातली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा ह्यांच्या पुढाकाराने भुलेश्वरात मुंबईचा पांजरपोळ सुरू झाला. एक पारशी, एक जैन. रस्त्यावरची कुत्री आणि डुकरे ह्यांना तेथे आसरा मिळाला. खर्चासाठी कापूस, साखर, अफू अशा मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी आपण होऊन लागा बसवून घेतला. अफूच्या पैशातून भूतदया, ह्यावर टीका करावयास मला आवडली असती. पण त्या काळी मुंबईतला कोणता मोठा पैसा अफूला शिवला नव्हता? असे सांगतात, की पांजरपोळात गायी प्रथम आणल्या त्या कुत्र्यांना दूध मिळावे म्हणून. आज पांजरपोळ म्हटले की आपल्याला गायच आठवते. ज्यांच्यासाठी घर बांधले ते विस्मरणात गेले आणि ज्या सेवेला आल्या त्याच घरच्या झाल्या.

पांजरपोळाची कल्पना आपल्या देशात पुष्कळ जुनी. पण तिचे स्वरूप ध्यानात घ्या. पांजरपोळात जनावर आत जाते, ते कायमचे. तेथे त्याला कुणी मारीत नाही. पण तेथून त्याला कुणी घरीही नेत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी पांजरपोळांना नावे ठेवली, की येथे मरू देत नाहीत आणि बरेही करीत नाहीत. त्यात गोऱ्यांची घमेंड होती हे खरे, पण काही सत्यही होते. दया कोठडीत भरून ठेवली की तिला वास येऊ लागतो.

दुसरी कल्पना लंडनमध्ये निघाली. १८६० साली मेरी टील्बी नावाच्या बाईने हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी एक घर काढले. मुंबईच्या पांजरपोळानंतर सव्वीस वर्षांनी. वर्तमानपत्रांनी तिची टर उडवली. ज्या शहरात पोरे उपाशी झोपतात तेथे कुत्र्यांना घर कशाला, असा त्यांचा सवाल. (हा सवाल आजही मला विचारतात, आणि बहुधा तो विचारणाऱ्याने उपाशी पोरासाठीही काही केलेले नसते.) १८७१ साली ही संस्था बॅटरसी येथे गेली आणि त्याच नावाने जगाला ठाऊक झाली. १८८३ पासून तेथे मांजरेही घेऊ लागले. त्या घराची रीत वेगळी. जनावर आले की त्याचा धनी शोधावयाचा. न सापडल्यास नवा धनी गाठावयाचा. म्हणजे घर हे मुक्काम नव्हते, नाका होता. ह्या रीतीचीही एक काळी बाजू होती: ज्यांना धनी मिळत नसे त्यांतल्या पुष्कळांना तेथे मारीतच असत. पण अनाथ जनावर आणि अनोळखी घर ह्यांची गाठ घालून देण्याची पद्धत जगभर पसरली ती साधारण ह्या काळापासून. आज ज्याला आपण दत्तक घेणे म्हणतो ते हेच.

मुंबईत परळला १८८३ साली सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांनी आपल्या पत्नीच्या नावाने बाई साकरबाई जनावरांचे इस्पितळ बांधले. ते आजही चालू आहे. पेटिट हे मोठे गिरणीमालक. त्याच परळला, सुपारीबागेत, १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. आठवड्यातून एक दिवस सुटी द्या, ही त्यांची पहिली मागणी. अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. ती रविवारची सुटी मिळण्यास १८९० चा जून उजाडला. तरुणपणी मी सभांतून ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून गर्जना करीत असे, की पाहा, कुत्र्याला इस्पितळ आणि कामगाराला सुटी नाही! टाळ्या पडत. आज मी ते वाक्य बोलत नाही. इस्पितळ बांधले हे चूक नव्हते. सुटी दिली नाही हे चूक होते. एका जिवाच्या पानातले काढून दुसऱ्याच्या पानात वाढावयास पाहिजे, असा हिशेब मालक मांडतात. तो आपण कशाला मांडावा?

आता आपल्या खेड्याकडे येऊ. येथे पांजरपोळ नव्हता. कोंडवाडा होता, पण तो गुरांसाठी, आणि धनी आला नाही तर गुराचा लिलाव होई. कुत्र्याला बाजारात किंमत नाही, म्हणून त्याला कोंडवाडाही नाही. मात्र खेड्यातले कुत्रे अगदी बेवारसही नसे. ते एका घरचे नसून एका आळीचे असे. रात्रीची भाकर उरली की दाराशी टाकावयाची, आणि त्याने परका माणूस दिसला की भुंकावयाचे. असा हा न लिहिलेला करार होता. धनगराचे कुत्रे कळपाचे, शिकाऱ्याचे कारवानी कुत्रे त्याच्या घरचे, बाकी सारी गावची. आपल्या संस्कृतीत कुत्र्याला मान आहे हे खरे. दत्ताच्या पायाशी ती बसलेली, खंडोबाबरोबर ती धावणारी. भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. पण मान निराळा आणि जबाबदारी निराळी. नामदेवांनी वाटी घेऊन पाठलाग केला. आपण वाटीची आरती करतो आणि कुत्र्याला धोंडा मारतो.

आपल्या पाटोदा भागात त्या जुन्या कराराला मोठे भगदाड पडले ते कोयत्यामुळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाड्या-तांडे रिकामे होतात. नवरा-बायकोचा एक कोयता, अंगावर मुकादमाची उचल, आणि ट्रक-ट्रॅक्टर पश्चिमेकडे निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, पलीकडे कर्नाटक. पट्टा पडून माणसे परत येतात ती चैत्राच्या आगेमागे. मधल्या पाच-सहा महिन्यांत गावात राहतात म्हातारी माणसे, शाळेची काही पोरे आणि कुत्री. काही कुत्री ट्रॅक्टरवर चढून कोपीपर्यंत जातात. कोपीवर राखणीला कुत्रे हवेच असते. पण हंगाम संपताना गाडीत जागा उरत नाही आणि ते कारखान्याच्या तळावर राहून जाते. जे कुत्रे काल आळीचे होते ते हंगामात कुणाचेच नसते. २०२१ च्या डिसेंबरात आपल्याच जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावी, वानरे कुत्र्यांची पिले उचलून झाडांवर, छपरांवर नेत आणि ती पडून मरत, ही बातमी साऱ्या जगात गाजली. आकड्यांचा तर बाजार भरला होता. नागपूरहून वनखात्याची माणसे आली, त्यांनी दोन वानरे पकडली. वानरांनी सूड घेतला की माया केली, ह्यावर पुष्कळ चर्चा झाली. पण एवढी पिले उघड्यावर होती ती कुणाची, हे मात्र कुणी विचारले नाही.

पिसाळण्याच्या रोगाविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे, कारण कुत्र्याचा सारा इतिहास ह्या भीतीने काळवंडलेला आहे. पाश्चरने १८८५ साली फ्रान्समध्ये ह्यावर लस शोधली. १९०० साली आपल्याकडे कसौलीला पाश्चर संस्था निघाली आणि तेथे सेंपल नावाच्या डॉक्टरने पुढे जी लस तयार केली, ती जवळजवळ शतकभर आपल्या देशात टोचली गेली. पोटात बेंबीभोवती चौदा सुया! माझ्या वयाच्या माणसांना त्या आठवत असतील. ती लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात चार-पाच सुया पुरतात. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते. एवढे असूनही, अलीकडच्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजाप्रमाणे, भारतात वर्षाला साडेपाच हजारांहून अधिक माणसे ह्या रोगाने दगावतात. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच समजावे. म्हणून कुत्रे चावले की मिरची-चुना लावू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका; जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कुत्री मारल्याने हा रोग हटेल अशी समजूत १८१३ पासून चालत आली. मद्रासला तर शतकाहून अधिक काळ नगरपालिका कुत्री मारीत होती. ना कुत्री संपली ना रोग. तेथील ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून घोशा लावला, की मारू नका, नसबंदी करा आणि लस टोचा. महापालिकेने ते ऐकावयास १९९६ साल यावे लागले. मुंबईतही हा प्रश्न उच्च न्यायालयात जाऊन नसबंदीची वाट धरली गेली, आणि २००१ साली साऱ्या देशासाठी तसे नियम झाले. ते २०२३ साली नव्याने केले. कारण साधे आहे. एका जागची कुत्री मारली, की उकिरडा तसाच असल्याने बाजूची येतात, आणि येणारी बिनलसीची असतात. दर शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस टोचली तर रोगाची साखळी तुटते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

कायद्याचेही पाहू. रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणले. नेहरूंनी त्यांना सरकारच कायदा करील असे आश्वासन देऊन ते मागे घ्यावयास लावले, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यात पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे. कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे, त्याला कधीच न फिरवणे, हाही गुन्हा आहे. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! १९६० साली पन्नास रुपये म्हणजे रक्कम होती. आज तेवढ्यात साखळीही येत नाही.

आता माझी हकीकत. २००९ सालची गोष्ट. माझी धाकटी मुलगी स्टँडवरून एक पिलू ओढणीत गुंडाळून घेऊन आली. मी घरी होतो, बायको घरी होती. पोरीचे तोंड पाहून दोघांनीही होकार दिला. लस टोचली पाहिजे हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणणार नाही. ठाऊक होते. आज नाही उद्या, मोर्चा झाल्यावर, सभा झाल्यावर, असे होत गेले. दिवाळीनंतर मी कारखान्यांच्या तळांवर दौऱ्याला गेलो. इकडे सासूबाई आजारी पडल्या आणि बायको-मुलगी माहेरी गेल्या. कुत्रे? "शेजाऱ्यांना सांगितले आहे," असे बायको फोनवर म्हणाली. शेजाऱ्यांना म्हणजे नेमके कुणाला, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मी वीस-बावीस दिवसांनी परतलो तेव्हा गळ्यात तुटकी साखळी घेऊन ते आळीत हिंडत होते. अंगावर चावे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेजारच्या सात वर्षांच्या मुलाच्या गालाचा लचका तोडला. जवळच्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हते. बीडला गेलो, तेथूनही पुढे पाठवले. रात्री जीप करून तेव्हाचे औरंगाबाद गाठले आणि तेथे ते मिळाले. त्या जीपमध्ये पोराचे डोके बापाच्या मांडीवर, आणि मी पुढच्या सीटवर. गेवराईच्या पुढे गेल्यावर तो शेजारी एवढेच बोलला, "आण्णा, कुत्रं तुमचं होतं का गावचं?"

मला उत्तर देता आले नाही. मी जन्मभर कारखानदारांना हाच प्रश्न विचारीत आलो होतो. फडात बाई बाळंत होऊन मेली की कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, कारखान्याचे. मजूर कुणाचे, ते सांगा! ह्या प्रश्नावर मी अधिकाऱ्यांना घाम फोडला आहे. आणि त्या रात्री मी स्वतः गप्प बसलो होतो. चौथ्या दिवशी कुत्रे मेले. मुलाच्या सगळ्या सुया पूर्ण केल्या. तो आज धडधाकट आहे. पण ते दिवस आम्ही दोन्ही घरांनी कसे काढले ते सांगण्यात अर्थ नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षे मी जनावराचे नाव काढले नाही. मुलगी पुण्याला शिकावयास गेली तेव्हा तिनेच मला एका आश्रयगृहात नेले. कुत्रे हवे म्हणताच त्यांनी मला कुत्रे दाखवले नाही. एक फॉर्म दिला. घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असल्यास घरमालकाची संमती आहे काय? दिवसा घरी कोण असते? घरातल्या सर्वांना मान्य आहे काय? गावाला जाल तेव्हा खाऊ कोण घालणार, त्याचे नाव काय? खर्च कोण करणार? पूर्वी कुत्रे होते काय, आणि त्याचे काय झाले? मला राग आला. मुलगी देतानासुद्धा इतके विचारीत नाहीत! मी तसे म्हणालोही. फॉर्म देणारी पोरगी विशी-बाविशीची असेल, ती शांतपणे म्हणाली, "काका, मुलीला बोलता येतं."

शेवटच्या प्रश्नापुढे मी जे घडले ते लिहिले. वाटले, आता नकार देणार. त्यांनी नकार दिला नाही. मात्र पिलू दिले नाही. तीन वर्षांची, नसबंदी झालेली, लस टोचलेली, स्वभाव ठाऊक असलेली कुत्री दिली. पिलाला दिवसातून चार वेळा खाऊ घालावे लागते, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने टोचण्या असतात, आणि ज्याचे पाय घरात टिकत नाहीत अशा माणसाने पिलू घेऊ नये, असे त्यांचे म्हणणे. कागदावर सही घेतली, की सांभाळता आली नाही तर रस्त्यावर सोडणार नाही, दुसऱ्यालाही देणार नाही, त्यांनाच परत आणून देईन. मी आयुष्यात पुष्कळ करारांवर सह्या केल्या आहेत. दुसऱ्या पक्षाला वाचता-लिहिता येत नसूनही त्याचे हित इतके नीट लिहिलेला करार मी दुसरा पाहिला नाही.

आपल्या तालुक्यात असे आश्रयगृह नाही. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला 'सर्पराज्ञी' केंद्र जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करते. पण तो निराळा विषय, कारण वन्यप्राणी बरा झाला की त्याचे घर जंगल. कुत्र्याला आणि मांजराला जंगल नाही. म्हणून आपल्याकडे दत्तक घेणे म्हणजे बहुधा स्टँडवरचे, उकिरड्यावरचे पिलू उचलणे. उचलावयास हरकत नाही; पण आईच्या अंगावर पिणारे उचलू नका, निदान दोन महिन्यांचे होऊ द्या. तिसऱ्या महिन्यात पिसाळण्याची लस, मग दरवर्षी. सहाव्या महिन्याच्या पुढे नसबंदी. कुत्रीचे दिवस अवघे त्रेसष्ट, आणि वर्षातून दोनदा वेत. मांजरीचे तर ह्याहून जलद. एक मादी आणली आणि नसबंदी टाळली, तर दोन वर्षांत पिले पोत्यात घालून विंचरणेच्या पलीकडे सोडण्याची वेळ कुणावर येते हे आपण सारे जाणतो, आणि ते काम बहुधा घरातल्या पोरांना सांगतात. मांजर तर माणसापेक्षा घराला चिकटते. नव्या घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे आत ठेवले नाही तर ते जुन्या जागेच्या शोधात निघून जाते. आणि कुत्रे बारा-तेरा वर्षे जगते. आज पोरगी आठवीत म्हणून कुत्रे आणले, तर ते म्हातारे होईल तेव्हा पोरगी सासरी असेल आणि औषध पाजणारे आपण असू.

२०२५ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पेटला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायाधीशांनी हुकूम दिला, की दिल्ली परिसरातली सारी मोकाट कुत्री पकडून आश्रयगृहांत कोंडावीत. एवढी आश्रयगृहे होती कोठे? २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांनी तो बदलला: नसबंदी आणि लस करून कुत्री होती तेथेच सोडावीत, पिसाळलेली आणि हल्लेखोर मात्र सोडू नयेत. त्याच हुकमात एक वाक्य आहे, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. प्राणिप्रेमींनी पालिकेकडे अर्ज करून कुत्री दत्तक घ्यावीत, आणि घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ह्याची जबाबदारी घेणाऱ्याची राहील. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, एस. टी. स्टँड, रेल्वे स्टेशने येथली कुत्री हलवून आश्रयगृहांत ठेवण्याचा, तेथे परत न सोडण्याचा हुकूम झाला. आपल्या स्टँडवरची कुत्री पाटोद्याच्या नगरपंचायतीने कोठे न्यावीत? १८३४ साली व्यापाऱ्यांनी गाठोड्यामागे लागा दिला होता. आमच्याकडे उसाच्या प्रत्येक टनामागे कितीतरी कपाती होतात. त्यांतली एखादी ह्या कामी लावावी असे मी म्हटले तर माझेच सभासद माझ्यावर धावून येतील, आणि ते बरोबरच आहे. त्यांच्या पोरांची वसतिगृहे आधी नीट होऊ देत. पण नगरपंचायत आणि कारखाने ह्यांनी मिळून तालुक्याला एक लसीची फेरी आणि एक नसबंदीची खोली चालवावी, ही मागणी मी लेखी दिली आहे आणि तिचा पाठपुरावा सोडलेला नाही.

आमच्या वस्तीत मात्र गेली काही वर्षे आम्ही एक गोष्ट करतो. टोळ्या निघण्यापूर्वी उचलीचा हिशेब लिहितो त्याच वहीच्या मागच्या पानावर, कुणाचे कुत्रे कुणाच्या दारी राहणार, हे लिहितो. राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे ज्वारीचे पीठ मोजून ठेवतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर एक दिवस येऊन लस टोचतात. फार मोठे काम नाही. एका हंगामात दोन नावे खोडावी लागली, एकात एकही नाही.

मी दौऱ्यावर असतो तेव्हा आमच्या कुत्रीला भाकर घालतो तो तोच शेजारी. पिठाचे पैसे तो घेत नाही. लसीचे कार्ड मी त्याच्याच घरी ठेवले आहे, देवळीत, वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली. आणि तारीख जवळ आली की त्याचा तो मुलगा, गालावरचा वण दाखवीत, मला आठवण करावयास येतो.